पंधरा दिवसांचं मौन आणि अमडापूरचा रस

खामगावातून गाडी बाहेर काढली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं, मी मात्र पुरती तापलेली होते. कुणाला न सांगता, गुपचूप निघायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात अख्खी गल्ली आम्हाला निरोप द्यायला फाटकापाशी उभी होती. कुणी लोणच्याची बरणी आणली होती, कुणी परवाच्या लग्नाची पत्रिका. हे सगळं आमच्या ह्यांच्या तोंडाचं कर्तृत्व. दिनकररावांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं, पण तीळ सोडा, यांच्या तोंडात खडासुद्धा टिकत नाही.

आणि त्यांना चार शब्द सुनावायचीही सोय नव्हती. मला बोलायचीच बंदी होती.

मी गेली पंचवीस वर्षं खामगावच्या एका शाळेत शिकवते. माझा वर्ग रस्त्याच्या कडेला आहे. खिडकीखालून कापसाच्या गाड्या जातात, पलीकडच्या वर्गात पाढे चाललेले असतात आणि या सगळ्याच्या वर आवाज चढवून मी इतिहास शिकवायचा. यंदा जानेवारीत आवाज फाटला, मार्चमध्ये तो मधेच गायब व्हायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. गाठी बसल्या तर जूनमध्ये वर्गावर जा. नाही बसल्या तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरचा आवाज शिकवण्याजोगा असेल की नाही, हे आज सांगता येत नाही.

घरात गप्प राहणं अशक्य होतं. दारावरची बेल, फोन, शेजारणी, सुट्टीतल्या शिकवण्या. म्हणून बेत ठरला की गाडी काढायची आणि आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरांत, तळ्यांकाठी आठवडाभर हिंडायचं. बोथ्याच्या जंगलातून बुलढाणा, तिथे दोन-तीन मुक्काम, मग चिखली-मेहकर करून लोणार. गाडी मी चालवणार. ह्यांनी एकदाच चालवली होती, ती ज्या नालीत गेली ती नाली नगरपालिकेने नंतर बुजवली. माझ्याजवळ एक दगडी पाटी, पेन्सिल आणि ओलं फडकं. एवढ्या सामानावर मी जगाशी व्यवहार करायचा होता.

माहेरी यातलं काही कळवलं नव्हतं. आमच्याकडे ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की लोक थेट रडायलाच बसतात.

जंगल सुरू होण्याआधी एका टपरीवर चहाला थांबलो. टपरी चालवणारी म्हातारी चांगली धिप्पाड होती. तिने मला विचारलं, "साखर कमी टाकू का बाई?" मी मान हलवली. "दूध जास्त?" मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्या खेपेला तिने दिनकररावांकडे मोर्चा वळवला.

"काऊन हो, बाई बोलत काऊन नाही? भांडून राह्यले का दोघं?"

यावर "हो" म्हणून मोकळं व्हायचं होतं. पण ह्यांनी गाठींपासून नळीपर्यंत सगळी कथा सांगितली. बाकड्यावरचे चार जण आणि एक ट्रकवाला, सगळे गोळा झाले. एकाने ज्येष्ठमध सुचवला, दुसऱ्याने तो खोडून हळद-दूध सांगितलं. ट्रकवाल्याच्या साडूचा आवाज म्हणे तुरटीने परत आला होता. म्हातारीने सगळ्यांना गप्प केलं.

"राघूनं उष्टावलेला पेरू चारा तिले. माह्या नातवाले तोंड फुटत नव्हतं, पेरू चारला आन् आता ऐकत नाही कोनाले."

मी पाटीवर लिहिलं, ‘मला बोलता येतं, मनाई आहे.’ म्हातारीने पाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि ह्यांना म्हणाली, "अक्षर चांगलं हाय बाईचं." मग ट्रकवाल्याने माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, "ऐकू तं येते ना बाई?" आवाज माझा बसला होता, आणि हा माझ्या कानावर ओरडत होता. चहा अर्धा ठेवून मी गाडीत जाऊन बसले.

बोथ्याचं जंगल मे महिन्यात काही हिरवंगार नसतं. साग पार निष्पर्ण झालेला, खाली त्याच्या ताटाएवढ्या पानांचा सडा, आणि त्यावरून माकडं चालली तरी कुणी माणूस चालतोय असं वाटतं. हे अस्वलांचं जंगल. आम्हाला अस्वल दिसलं नाही, पण वळणावर झाडांच्या फटीतून तळ्याचं पाणी दिसलं आणि मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. वारा नव्हता. एक भारद्वाज कुठेतरी घुमत होता. महिनाभरात पहिल्यांदा घशाला जरा बरं वाटलं.

"किती शांत आहे नाही?" दिनकरराव म्हणाले. "म्हणजे बघ, इतकं शांत, की आपण बोललो तर केवढ्यांदा ऐकू येतं! मागे आमच्या ऑफिसची सहल आली होती ना, तेव्हा..."

मी इंजिन सुरू केलं.

बुलढाणा आमच्या जिल्ह्याचं महाबळेश्वर, असं बुलढाण्याचे लोक म्हणतात. खामगावच्या भट्टीतून वर आलं की खरंच चार अंश सुटका वाटते, हे मी कबूल करते. गावाच्या कडेला एका बाईंच्या घरातली वरची खोली आम्ही घेतली होती. गच्चीवरून दरी दिसते, असं सांगितलं होतं. दरी दिसत होतीच. दरीच्या आणि आमच्या मधे मंगल कार्यालय होतं, तेही दिसत होतं.

टपरीवरच्या प्रकारानंतर ह्यांनी धडा घेतला होता. मालकीणबाईंनी मला नाव विचारलं, मी पाटी काढली, तेवढ्यात हे म्हणाले, "मौन आहे तिचं."

एवढे तीन शब्द, आणि मालकीणबाईंचा चेहराच पालटला. त्यांनी चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायाशी वाकल्या. "किती दिवसांचं हाय जी?" त्यांनी ह्यांना विचारलं. "पंधरा," हे म्हणाले. खोटं तर नव्हतंच! माझ्याकडे बघून ह्यांनी डोळा घातला. आपण केवढी युक्ती काढली, म्हणून.

त्या युक्तीचं फळ जेवताना ताटात आलं. दिनकररावांना ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, झणझणीत वांग्याची भाजी. मला भगर आणि दाण्याची आमटी. व्रतस्थ बाईला कांदा-लसूण वाढलं तर पाप कुणाला लागणार? मी पाटीवर ‘भाकर’ असं लिहिलं. मालकीणबाई हात जोडून म्हणाल्या, "परीक्षा नका घेऊ बाई माही." शेजारी बसून हे बोटं चाटत ठेचा खात होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी कार्यालयात लग्नाची वरात आली. डीजेच्या भिंतीने आमच्या खिडकीची तावदानं थरथरायला लागली. नवरदेव घोड्यावर आणि घोड्याच्या डोळ्यांत मला माझीच दशा दिसली. शहराला गाणी वाजवायची एवढी हौस असेल तर वाजवा, पण दुसऱ्याच्या छातीत कशाला वाजवता? दुसऱ्या दिवशी येळगावच्या धरणावर गेलो. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाला चिखलाच्या भेगा पडल्या होत्या, तरी वारा थंड होता. मी सावली बघून बसते तोच एक गाडी आली, तिची चारी दारं उघडली गेली आणि कालचंच गाणं सुरू झालं. पाच धडधाकट बाप्ये पाण्यात पाय सोडून बसले. पंचवीस वर्षं मी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढ्यावर साठ पोरांचा वर्ग गप्प केलाय, आणि इथे मी ओठ घट्ट मिटून बसलेली. शेवटी गाडीत जाऊन मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. त्यांना वाटलं, बाईला गाणं आवडलं. त्यांनीही आपला हॉर्न वाजवला आणि हात हलवले.

हे सगळं मोबाइलवर टिपलं जात होतं. दिनकरराव प्रत्येक तळं, प्रत्येक डोंगर स्टेटसला टाकत होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या धाकट्या भावाचा, वसंताचा फोन आला. तो अमडापूरला माहेरच्या घरी राहतो, शेती करतो. फोन स्पीकरवर होता.

"भाऊजी, बुलढान्याले येता आन् आमच्या दारावरून तसेच लोनारले जाता? ताईले सांगा, उद्या रसाले आल्याशिवाय पुढं जाचं नाही!"

आमच्याकडे मे महिन्यात रसाचं जेवण नाकारणं म्हणजे नातं तोडणं. वास्तविक लोणारला जाणाऱ्याच्या वाटेत अमडापूरचं दार येतच नाही. चिखलीहून मेहकरकडे वळायच्या ऐवजी उलटं खामगावच्या दिशेने जायचं. म्हणजे ज्या आवाजातून पळून आलो, त्याच्याच अंगणात परत. मी जोरजोरात मान हलवून ‘नाही’ म्हणत होते. हे म्हणाले, "येतो की! फक्त एक आहे, ताईचं मौन चालू आहे." मालकीणबाई दारातच उभ्या होत्या, त्यामुळे आता ह्यांना व्रत सोडून दुसरं काही सांगताही येईना. पलीकडून वसंता भारावून म्हणाला, "अरे वा! ताईनं मौन धरलं? म्हंजे लय मोठी गोष्ट हाय भाऊजी."

अमडापूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात मांडव घातलेला पाहून मी चमकले. रसाच्या जेवणाला मांडव कशाला? माझी भावजय शोभा लगबगीने पुढे आली, पायांवर पाणी घातलं आणि एका दमात सांगून मोकळी झाली. तिची मुलगी मयूरी हिला पाहून गेलेली मेहकरकडची मंडळी आज सुपारी फोडायला (लग्न पक्कं करायला) येणार होती. मुहूर्त चांगला निघाला आणि आत्याही गावाजवळ, मग म्हटलं एकाच रसात दोन्ही उरकू.

मयूरीला मी लहानपणापासून ओळखते ती भांडखोर पोरगी म्हणून. आता बुलढाण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती मला हाताला धरून माजघरात घेऊन गेली. तिथे परातीत आंबे पिळायचं काम चाललं होतं, ते शोभाच्या जावेकडे सोपवून तिने मला धान्याच्या कोठीमागे ओढलं.

"आत्या, मले पोरगा पसंद हाय. तसं काही नाही. पन ह्या लोकाईचं काही खरं नाही. मागच्या महिन्यात माह्या मैत्रिणीची अशीच सुपारी होती, आन् संध्याकाळी तिले सासरी नेलं. माही परीक्षा सोमवारपासून हाय. सासरी गेल्यावर कोन बसू देते परीक्षेले? आज फक्त सुपारी, लग्न परीक्षा झाल्यावर. बाबा माह्यं ऐकत नाही, तुह्यं ऐकते. तू सांगशील ना?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. म्हणजे, मान हलवली.

तिची भीती खोटी नव्हती. आमच्या भागात ही एक रीतच पडत चालली आहे. सुपारीला माणसं जमलेली असतात, स्वयंपाक झालेला असतो, मग कुणीतरी उठून म्हणतो, आता एवढे जमलोच आहोत तर लग्नच लावून टाकू. खर्च वाचतो. दुसऱ्या दिवशी पेपरात कौतुक छापून येतं. मीही आजवर अशा लग्नांचं वर्गात कौतुक केलेलं आहे. हुंडा नाही, बँड नाही, उधळपट्टी नाही. त्या कौतुकात मुलीच्या सोमवारी काय आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

मी लगेच पाटीवर लिहिलं, ‘आज लग्न नको. तिची परीक्षा होऊ दे.’ वसंता मांडवात सतरंज्या सरळ करत होता. त्याने पाटी घेतली, ओठ हलवत वाचली आणि म्हणाला, "हाव हाव ताई, कोन लगन लावून राह्यलं आज? तू रस खाय." आणि पाटी पाण्याच्या माठाखाली टेकू म्हणून सरकवली. माठ जरा हलत होता खरा.

पाहुणे आले. मुलगा शांत होता, औषधांच्या दुकानात काम करतो. त्याचे मामा मात्र बोलण्यात तयारीचे. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात म्हणतात, ते मामांकडे बघून पटलं. पंगत बसली. रस, पुरणपोळी, कुरडया आणि सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या नळ्या, त्या शिजवून रसात बुडवून खातात). इथे मात्र मला उपासाचं वाढलं नाही, कारण आंबा व्रताला चालतो म्हणे. माहेरच्या रसाची गोडी मी नाकारणार नाही. पण मी दुसरी वाटी पुढे करणार तोच मामा चौथी वाटी संपवून हात न धुताच उभे राहिले.

"मी काय म्हंतो पाव्हणे," ते मांडवाला उद्देशून म्हणाले. "दोन्हीकडची माणसं हायेत. जेवन झालं. मांडव हाय. शुभस्य शीघ्रम! आटोपूनच टाकू ना."

टाळ्या पडल्या. अक्षरशः टाळ्या. कुणी म्हणालं हळद आणा, कुणी भटजींना फोन लावला, ते शेजारच्याच गावात होते, निघालेच. कुणीतरी नवरीने कोणती साडी नेसायची हे विचारायला आत धावलं. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर एक क्षण गोंधळ दिसला. मग त्याने मांडवाकडे पाहिलं, उरलेल्या रसाकडे पाहिलं, आणि तो हसला. मयूरी माजघराच्या दारात आली. "बाबा, माही परीक्षा..." ती म्हणाली. मामा प्रेमाने म्हणाले, "परीक्षा काय बेटा, पुढच्या साली देता येते." आणि सगळे हसले.

वाईट कुणीच नव्हतं तिथे, हाच खरा संताप आहे. सगळे खुशीत होते.

सुपारी पाटावर आली. आमच्या घरातला रिवाज असा की सुपारी फुटण्याआधी मुलीच्या आत्याला विचारतात. पाहुण्यांमधले सगळ्यात वयस्क, पांढऱ्या टोपीतले काका, माझ्याकडे वळून आदराने म्हणाले, "आत्याबाईची काही हरकत?"

मी दोन्ही हात हलवले. मान हलवली. पाटी माठाखाली होती. मी दिनकररावांकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा. माझं सगळं बोलणं या आठवड्यात हेच तर करत आले होते, मी न सांगितलेलंसुद्धा. त्यांना मयूरीचं काही माहीत नव्हतं. मांडवभर लोक आपल्याकडे बघतायत, हे पाहून ते खुलले आणि म्हणाले, "मौन आहे हो तिचं. आणि मौन म्हणजे संमतीच!"

पुन्हा टाळ्या. वसंताने अडकित्ता उचलला.

"थांबा!"

तो माझा वर्गातला आवाज होता. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तो इतका मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. निघताना घशात काहीतरी टरकन फाटल्याचं मला स्पष्ट कळलं. पुढचं वाक्य मनात तयार होतं. तिची परीक्षा आहे, ती शिकतेय, तिने लग्नाला नाही म्हटलेलं नाही, फक्त आज नाही म्हटलंय. तोंड उघडलं, तर हवा तेवढी आली.

मांडव चिडीचूप झाला. ज्या शांततेसाठी मी डोंगर-तळी पालथी घालत होते, ती अखेर इथे मिळाली. त्या शांततेत मयूरी पुढे आली आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "माही परीक्षा सोमवारपासून हाय. मले आज लगन नाही कराचं. परीक्षा झाल्यावर याच पोराशी करीन."

कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. सगळे टोपीवाल्या काकांकडे बघत होते, आणि काका माझ्याकडे. त्यांनी सुपारी पाटावरून उचलून वसंताच्या हातात परत दिली.

"बाईचं व्रत मोडलं," ते हळूच म्हणाले. "सुपारीच्या वख्ती मौन मोडलं. आज हे शुभकार्य नाही होत. दिवाळीनंतर पाहू, तुळशीचं लगन झाल्यावर."

मामांनीसुद्धा मान डोलावली आणि ते अखेर हात धुवायला गेले. दोन-तीन बायांनी मला वाकून नमस्कार केला. भटजींना फोन करून वाटेतूनच परत पाठवलं गेलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पोरीची परीक्षा वाचली होती. पण माझ्या अंगाची लाही लाही होत होती. एका शिकल्या-सवरल्या मुलीने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं म्हणणं सांगितलं, ते हवेत गेलं. तिच्या आत्याने पाटीवर लिहून दिलं, ते माठाखाली गेलं. आणि जे व्रत कधी धरलंच नव्हतं, ते मोडल्याबरोबर सगळा मांडव थांबला! त्यांना खरं सांगायला मला आवाज नव्हता. ज्यांना होता ते दिनकरराव खाली मान घालून रसाच्या वाटीत बघत होते.

निघताना वसंता गाडीजवळ आला. "ताई, तुले बोलाचंच होतं तं आधी बोलाचं ना. पाव्हण्यासमोर कशाले?" मी गाडीची काच वर केली. दुसऱ्या बाजूने मयूरी माझी पिशवी घेऊन आली. तिने दार उघडून माझ्या गळ्याला दोन बोटं लावली, दवाखान्यात शिकवतात तशी.

"आत्या, हे व्रत नव्हतं ना?" ती म्हणाली. "असा आवाज व्रतानं नाही होत. तुले डॉक्टरनं बोलू नको म्हटलं होतं ना? मले माहीत असतं तं मी तुले सांगितलंच नसतं." आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला उठवलं आणि पुस्तक उघडल्यासारखे हात करून घराकडे बोट दाखवलं. ती गेली.

मेहकर ओलांडून सुलतानपूरपर्यंत दिनकरराव एक शब्द बोलले नाहीत. सुलतानपूरला चहाच्या हॉटेलवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, बाई बोलत काऊन नाहीत. ह्यांनी त्याला सांगितलं, "तिच्या घशात गाठी आहेत. बोलायची मनाई होती. माझ्यामुळे बोलावं लागलं." हॉटेलवाला चहा ठेवून गेला.

लोणारला आम्ही कड्यावर उभे राहिलो. खाली तो प्रचंड वाटोळा खड्डा, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी, खारट, ज्यात मासा जगत नाही. काठाला मोडकी देवळं, त्यांच्यावर बसलेले मोर. कुणी गाणं लावलेलं नव्हतं. इतकी सुंदर जागा मी आपल्या जिल्ह्यात पाहिलेली नाही, आणि तुम्ही कधी गेलात तर मे महिना सोडून जा असं सांगेन, कारण उतरताना ठीक वाटतं, चढताना जीव जातो. खाली पाण्याशी बसून मी बाटलीतलं घोटभर पाणी प्यायले तर ते गिळताना डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाटलं, मी रडतेय. तेही खोटं नव्हतं. आम्ही एकच मुक्काम करून परत फिरलो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली आणि विचारलं, "ओरडलात का?" जुन्या गाठींच्या शेजारी रक्त साकळलं होतं. शस्त्रक्रिया झाली. आता बोलता येतं, पण आवाज समोरच्या खुर्चीपर्यंतच पोचतो. शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला वाचनालय दिलं. खोली मागच्या बाजूला आहे, शांत आहे. माझ्या वर्गावर नवीन मुलगी आली आहे, तिचा आवाज इथपर्यंत ऐकू येतो. चांगला आहे, पण ती चढ्या पट्टीत शिकवते. तिला सांगायला हवं.

मयूरी परीक्षेला बसली आणि पास झाली. अमडापूर-मेहकर पट्ट्यात मात्र माझी कीर्ती वेगळीच आहे. मौन मोडून लग्न थांबवणारी आत्या. शोभा सांगते, आता सुपारीला बोलावण्याआधी लोक विचारतात, तुमच्या नणंदबाईंचं काही व्रत-बित चालू नाही ना?

वाचनालयात येणाऱ्या सहकारी बाया मला हळूच विचारतात, एका शब्दापायी आवाज घालवलात, पस्तावा होतो का? होतो ना. चांगला होतो. मामा होते, वसंता होता, टाळ्या वाजवणारा सगळा मांडव होता, आणि शेजारी बसलेले आमचे हे होते. प्रत्येकाला ऐकवण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, आणि मी आधी ते नीट लिहून, मान हलवून, सौजन्याने सांगत बसले. आवाज जायचाच होता, तर पहिल्या टाळीलाच उठून सगळं बोलून घ्यायला हवं होतं.